‘जायला नको’ म्हणजे मसन्ट गो की नीडन्ट गो?

गुरुवारी क्लायंटच्या ऑफिसला तुम्ही जाणार नाही आहात आणि तसं साहेबांना मेलवर कळवायचं आहे. वोन्ट गो लिहावं की कान्ट गो? शेजारी बसलेला म्हणतो, नीडन्ट गो लिही. ‘गो’ सगळीकडे तेच, पण त्याच्या आधीचा शब्द बदलला की वाचणारा वेगळंच समजून बसतो. आपला ‘नाही’ क्रियापदामागून येतो आणि त्यांचा ‘नॉट’ आधी येतो, ही अडचण किरकोळ आहे, ती शाळेतच सुटते. खरा घोळ वेगळा आहे. नकाराचे जे कप्पे मराठीने पाडलेत ते इंग्रजीने पाडलेले नाहीत, आणि इंग्रजीचे आपल्याकडे नाहीत.

वोन्ट की कान्ट

‘मी गुरुवारी जाणार नाही’ ही मराठीत निव्वळ माहिती असते. तीच शब्दशः ‘आय विल नॉट गो’ अशी लिहिली की समोरच्याला ऐकू येतं, जात नाही जा, काय करायचं ते करा. ‘विल’ भविष्यकाळ दाखवत असला तरी मुळात तो इच्छेचा शब्द आहे. मृत्युपत्राला ते विल म्हणतात आणि आपण इच्छापत्र, तिथे तो जुना अर्थ अजून दिसतो. नकार लावला की दबलेली इच्छा वर येते. त्यातही ‘वोन्ट’ जरा मऊ; ‘विल नॉट’ असं सुटं, पूर्ण लिहिलं तर टेबलावर हात आपटल्यासारखं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच लिहून पाठवलं होतं. दहा मिनिटांत फोन आला, ‘काही बिनसलंय का?’ बिनसलं काहीच नव्हतं, त्या दिवशी घरी सत्यनारायण होता.

‘आय कान्ट गो’मध्ये दोष परिस्थितीवर जातो, म्हणून ते ऐकायला बरं. बोलताना चालतं, पण मेलमध्ये थोडं तुटक वाटतं. मेलसाठी माझी पसंती दोघांना. कारण सांगायचं असेल तर ‘आय वोन्ट बी एबल टू गो’, म्हणजे आपलं ‘जायला जमणार नाही’. कारण सांगायचं नसेल तर ‘आय वोन्ट बी गोइंग’. या दुसऱ्यात ‘बी गोइंग’मुळे हट्टाचा वास निघून जातो आणि ठरलेली गोष्ट कळवल्यासारखं होतं, अगदी आपल्या ‘जाणार नाही’सारखं. ‘आय कान्ट एबल टू गो’ मात्र कुठेच नको. त्यात ‘शकणे’ दोनदा आलं आहे.

फोनवर बोलताना आणखी एक खड्डा आहे. अमेरिकन माणूस ‘कान्ट’ला ‘कॅन्ट’ म्हणतो आणि ‘गो’च्या आधीचा ट गिळून टाकतो. मग होकार-नकार ओळखायचा कसा? स्वरावरून. होकारात तो ‘आय कन गो’ असं घाईत म्हणतो, नकारात ‘कॅन’ ठसठशीत. आपण मराठी माणसं होकारातही ‘कॅन’ ठसठशीत म्हणतो, आणि पलीकडचा समजतो की जमत नाहीये! शंका असेल तर सरळ ‘कॅनॉट’ म्हणा किंवा इंग्रजांचा लांब ‘कान्ट’ वापरा.

नको

‘उद्या सुट्टी, ऑफिसला जायला नको.’ ‘रात्री त्या रस्त्याने एकटं जायला नको.’ शब्द तेच. पहिल्यात सुटका आहे, दुसऱ्यात धोक्याची सूचना. संदर्भावरून आपण एका क्षणात ओळखतो, म्हणून ‘नको’ दोन कामं करतो हे लक्षातही येत नाही. इंग्रजीत मात्र इथे दोन दारं आहेत. सुटकेला ‘डोन्ट हॅव टू गो’ किंवा ‘नीडन्ट गो’. मनाईला ‘शुडन्ट गो’, कडक असेल तर ‘मसन्ट गो’.

गंमत अशी की होकारात ‘मस्ट गो’ आणि ‘हॅव टू गो’ जवळजवळ सारखे, दोन्हींचा अर्थ ‘जायलाच हवं’. नकार लावताच ते दोन टोकांना जातात. ‘मस्ट नॉट गो’मध्ये न जाण्याची सक्ती आहे. ‘डोन्ट हॅव टू गो’मध्ये जाण्याची सक्ती उठली, वाटलं तर जा. जर्मन लोकही इथे ठेचकाळतात, कारण त्यांचा ‘मुस निश्ट’ दिसायला ‘मस्ट नॉट’, पण अर्थ ‘गरज नाही’. आपण एकटेच नाही, एवढं समाधान.

समजा परदेशी पाहुण्याला तुम्ही प्रेमाने सांगताय, ‘तुम्ही स्टेशनवर जायला नको, मी जातो.’ ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणालात तर तो बिचारा दचकेल. ‘यू डोन्ट हॅव टू गो, आय विल’ असं म्हणा. ‘नीडन्ट’ चुकीचा नाही, ब्रिटिश कानाला छानच लागतो, पण अमेरिकेत तो क्वचितच ऐकू येतो. एकच शिकायचा असेल तर ‘डोन्ट हॅव टू’ घ्या. आणि ‘मसन्ट’मधला पहिला ट उच्चारायचा नसतो, ‘मस्टन्ट’ नव्हे.

‘जायचं नाही’ हेही असंच दुतोंडी. ‘तू जायचं नाहीस’ म्हणजे ‘यू मसन्ट गो’. पण ‘मला जायचं नाही’ला यातलं कुठलंच सहायक क्रियापद चालत नाही, तिथे साधं ‘आय डोन्ट वॉन्ट टू गो’.

मग फलकांवरचं ‘जाऊ नये’? ‘या रेषेपुढे जाऊ नये’ हा मराठीत सभ्य भाषेतला पक्का हुकूम आहे. त्याचं भाषांतर सर्रास ‘शुड नॉट गो’ केलेलं दिसतं, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला तो सल्ला वाटतो, ऐकला तर ऐकला. बंदी असेल तर ‘मस्ट नॉट’ हवं. सॉफ्टवेअरमधल्या वाचकांना हा फरक पाठ असेल. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिताना हे शब्द कसे वाचायचे ते १९९७च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात बांधून दिलं आहे. त्यात ‘मस्ट नॉट’ म्हणजे संपूर्ण बंदी. ‘शुड नॉट’ म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा विचार केला असेल तर अपवाद चालेल. ‘मे’ त्या यादीत आहे, ‘मे नॉट’ मात्र नाही. साहजिकच आहे. ‘यू मे नॉट गो’ म्हणजे परवानगी नाही, आणि ‘आय मे नॉट गो’ म्हणजे कदाचित जाणार नाही. ‘कदाचित’साठी ‘माइट नॉट गो’ घ्या आणि ‘मे नॉट’ जमेल तितका टाळा.

गेल्यावरचा नकार

‘बँकेत जायला नको होतं, काम मोबाइलवर झालं असतं.’ इथे हेलपाटा वाया गेला आहे, म्हणून ‘आय नीडन्ट हॅव गॉन’. ‘त्या लग्नाला जायला नको होतं, नुसता अपमान झाला.’ इथे पश्चात्ताप आहे, म्हणून ‘आय शुडन्ट हॅव गॉन’. दोन्हींत माणूस जाऊन आला आहे. ‘आय डिडन्ट नीड टू गो’मध्ये तो गेला की नाही ते उघडच राहतं, बहुतेक वेळा गेलेला नसतो. मध्ये ‘हॅव’ किंवा ‘बी’ नसेल तर मात्र कुठल्याही सहायकापुढे ‘गो’ तसंच राहतं, ‘कुडन्ट वेन्ट’ कधीच नाही. ‘वेन्ट’ हे मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचं रूप, ‘गो’ने दत्तक घेतलेलं. यात हसण्यासारखं काही नाही. आपलं ‘गेला’ही ‘जा’च्या पोटचं नाही, ते संस्कृत ‘गत’च्या घरून आलं.

आता पारडं उलटं. ‘वुडन्ट गो’ हा एकच शब्दप्रयोग, आणि मराठीत त्याला तीन रूपं. ‘किती समजावलं तरी पोरगा जाईना’, हा हट्ट. ‘आजोबा श्रावणात बाहेर जेवायला जात नसत’, ही सवय. ‘मी असतो तर गेलो नसतो’, ही अट. इंग्रजीकडून मराठीत आणताना तिन्हींना ‘जाणार नाही’ किंवा ‘जाणार नव्हता’ लावून मोकळं होणारे अनुवादक पुष्कळ आहेत. ‘जाईना’सारखं रूप हाताशी असताना हे का करावं, मला कळत नाही. शर्टावरचा डागसुद्धा घासून घासून जाईना होतो, आणि तिथे इंग्रजीही ‘वुडन्ट’च वापरते, हट्टाला जीव लागतोच असं नाही.

‘कुडन्ट गो’चंही तसंच. गाडी चुकली म्हणून जाता आलं नाही, ते ‘कुडन्ट गो’. आणि पाय निघत नव्हता म्हणून जाववेना, तेही घाईत ‘कुडन्ट गो’च होतं. नीट सांगायचं तर त्यांना ‘कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टू गो’ असे पाच शब्द खर्चावे लागतात.