माल्टाच्या गोझो बेटावरच्या आप्तांकडे: गाड्या नेणारी फेरीबोट की जलद बोट?

मुक्काम राजधानी व्हॅलेटात असेल आणि दिवसभर भेटून परतायचं असेल, तर जलद बोट बरी: साधारण 45 मिनिटांत थेट गोझोचं इम्जार बंदर. पण तिच्यावर गाडी चढत नाही आणि समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात.

आजी-आजोबा, मुलं, भेटवस्तूंच्या पिशव्या सोबत असतील तर माल्टा बेटाच्या उत्तर टोकावरच्या चिरकेव्वा बंदरातून मोठी फेरीबोट घ्या. पाणी ओलांडायला 25 मिनिटंच. वेळ खातो तो व्हॅलेटापासूनचा रस्ता, बसने तासाहून जास्त. तिकीट परतताना इम्जारला काढतात, त्यामुळे जाताना खिडकी शोधत बसू नका. गाडी असली की जेवणानंतर सगळ्यांना घेऊन जगंतियाची प्राचीन मंदिरंही होतात. मात्र रविवारी संध्याकाळी परतीची रांग लांबते; 15 ऑगस्टच्या सांता मारियाच्या सणाला तर विचारूच नका.