‘अमेरिकेतील लोकशाही’: कोणती प्रत घ्यावी, कुठून वाचावी

फ्रेंच न्यायखात्यातला पंचविशीचा अलेक्सी द तोकव्हिल १८३१च्या मे महिन्यात तुरुंगांची पाहणी करायला म्हणून अमेरिकेत उतरला. मित्र ब्यूमाँसोबत तो नऊ महिने हिंडला. त्यातून झालेल्या या ग्रंथाचा पहिला खंड १८३५मध्ये आला, दुसरा १८४०मध्ये. जाडी पाहून संक्षिप्त आवृत्ती घेणार असाल, तर आधी अनुक्रमणिका उघडा. पहिल्या खंडाच्या पहिल्या भागातले पाचवे प्रकरण आणि त्याच खंडाचे शेवटचे प्रकरण अख्खे नसेल, तर ती प्रत घेऊ नका.

पाचव्यात न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातले, दोन-तीन हजार वस्तीचे गाव आहे. शाळा काढायची तर निवडलेले कारभारी, लहान गावात तीन आणि मोठ्यात नऊ, गावसभा बोलावतात आणि गरज, जागा, खर्च मांडतात. सभा जागा ठरवते, कर मंजूर करते आणि पुढचे काम कारभाऱ्यांवर सोपवते. दहा मालमत्ताधारक गावकऱ्यांनी मागणी केली तरी सभा बोलवावीच लागते. मुख्य पदे १९. कर बसवणारा वेगळा, गोळा करणारा वेगळा. कुंपणाचे तंटे आणि लाकडाचे माप पाहायलाही माणसे नेमलेली. पद नाकारले तर दंड! गावगाडा लोकांच्या हाती कसा चालतो, हे इतक्या बारकाईने सांगणारी पाने विरळाच.

शेवटचे प्रकरण या लोकशाहीतल्या समतेबाहेर ठेवलेल्यांचे: काळ्या गुलामांचे आणि मूळ रहिवाशांचे. ओहायो नदीच्या एका काठाला गुलामगिरीचे केंटकी, दुसऱ्या काठाला मुक्त ओहायो. ओहायो १२ वर्षांनी मागाहून वसले, तरी वस्तीत अडीच लाखांनी पुढे गेले, हा हिशेब तो मांडतो. मेम्फिसजवळ, आपल्या भूमीतून हुसकावलेले चॉक्टॉ जमातीचे मूळ रहिवासी ऐन थंडीत मिसिसिपी ओलांडतात. माणसे गप्प. काठावर राहिलेली कुत्री मात्र विव्हळत बर्फाळ पाण्यात उडी घेतात आणि नावेमागे पोहतात. हे वगळून पुस्तक वाचले, तर तोकव्हिल अमेरिकेचा नुसता भाट वाटतो.

इंग्रजी अनुवादांत रीव्हचा जुना अनुवाद फुकट मिळतो. पण त्यात लोकशाहीविरोधी रंग गडद झाल्याची तक्रार खुद्द लेखकाने केली होती. शिवाय फ्रेंच ‘मर्स’ला तिथे ‘मॅनर्स’ म्हटल्याने ते शिष्टाचार वाटतात. तोकव्हिलला अभिप्रेत आहे ते समाजाचे वळण, मनाच्या सवयींसकट. सलग वाचायला गोल्डहॅमर (२००४) घ्या. शब्दन् शब्द तपासायचा असेल तर मॅन्सफिल्ड-विन्थ्रॉप (२०००).

दुसऱ्या खंडापासून सुरुवात करू नका. तिथे उदाहरणे आटतात आणि ‘समता’ हा शब्द कधी कायद्याला, कधी राहणीला, कधी नुसत्या भावनेला लागतो. त्यातला दुसरा आणि चौथा भाग मात्र सोडू नये.