मलबारची, लंकेची की व्हिएतनामची? मसाल्यासाठी काळी मिरी घेताना

मसाल्याचा छोटा धंदा असो किंवा वर्षाचा मसाला एकदम करणारं घर, काळी मिरी घेताना आज तीन नमुने समोर येतात. केरळ-कर्नाटकातली आपली (मलबारी) मिरी, श्रीलंकेची आणि व्हिएतनामची. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न पडत नव्हता. 1990च्या दशकाच्या अखेरपर्यंत भारत मिरीच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक होता. मग दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी झाल्या. व्हिएतनामने लागवड झपाट्याने वाढवली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीलाच निर्यातीत पहिला नंबर गाठला. इकडे केरळातल्या वायनाडमध्ये फायटोफ्थोरा बुरशीच्या मर रोगाने बागाच्या बागा बसल्या. आता उत्पादनात कर्नाटक पुढे आहे. कोडगू, चिक्कमगळूर आणि हासनच्या कॉफीमळ्यांत सावलीच्या झाडांवर चढवलेल्या वेलींची ही मिरी. देशातला खप मात्र वाढतच राहिला, त्यामुळे अलीकडच्या अनेक वर्षांत मिरीची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली.

हे आकडे वाचताना एक गोष्ट नीट लक्षात घ्या. देशाची मिरीची 'उपलब्धता' काढताना उत्पादनात आयात मिळवतात आणि निर्यात वजा करतात. पण आयात मालातला मोठा हिस्सा कोचीच्या आसपासच्या अर्क काढणाऱ्या कारखान्यांत जातो आणि ओलिओरेझिन (मिरीचा दाट अर्क) होऊन पुन्हा परदेशी रवाना होतो. तो आपल्या फोडणीत कधी येतच नाही. म्हणून आयात वाढली म्हणजे आपण तेवढी जास्त मिरी खातो, किंवा बाजारातली सगळी मिरी परदेशी आहे, असं समजू नका.

आधी दराचं बघू, कारण बहुतेकांची निवड तिथेच चुकते. डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने आयात मिरीला किलोमागे 500 रुपये किमान आयात मूल्य लावलं आणि मार्च 2018 पासून त्याखालच्या दराने आयातीवर बंदीच घातली. निर्यातीच्या बोलीवर कारखान्यांसाठी येणाऱ्या मालाला यातून सूट आहे. आता हिशेब करा. आसियान (आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या) करारानुसार व्हिएतनामच्या मिरीवर 50 टक्के शुल्क लागतं. म्हणजे देशात विकण्यासाठी रीतसर आणलेला माल बंदरातच किमान 750 रुपयांना पडतो. जीएसटी, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वेगळाच. श्रीलंकेचं गणित निराळं आहे. द्विपक्षीय करारात वर्षाला 2500 टनांपर्यंत शुल्क शून्य आणि त्यापुढे साफ्टा या दक्षिण आशियाई व्यापार कराराखाली 8 टक्के. लंकेची मिरी भारतीय मिरीच्या दराशी टक्कर देते ती यामुळेच.

यावरून एक सरळ कसोटी मिळते. कुणी आपल्या मिरीपेक्षा बऱ्याच स्वस्तात 'व्हिएतनामची' मिरी देऊ करत असेल, तर तो माल एकतर रीतसर आलेला नाही, किंवा ती मिरी त्या प्रतीची नाही. सूट घेऊन आलेला माल देशातल्या बाजारात मुरतो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे आणि वरचा हिशेब पाहिला तर ती मला रास्त वाटते. कोडगूच्या शेतकऱ्याचा दर पाडणारा हाच माल असतो. मी तो घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता दाणा. व्हिएतनामचा व्यापार लिटर वजनावर चालतो: एक लिटर मापात 500 ग्रॅम भरणारी, 550 ग्रॅम भरणारी अशी प्रत. 550ची मिरी दिसायला एकसारखी, स्वच्छ, यंत्रावर पाखडलेली असते. तिखटपणा ठीक, पण मलबारी मिरीचा जो उबदार, किंचित लिंबासारखा वास आहे तो तिच्यात मला कमी जाणवतो. लंकेची मिरी दिसायला मागे पडते. दाणा बारीक, हलका, बराचसा पोकळ, कारण ती अनेकदा कोवळी असतानाच उतरवतात. पण तेल आणि पायपरीन (तिखटपणा देणारा घटक) तिच्यात भरपूर, म्हणून अर्कवाले तिच्यासाठी थांबतात. दळून वापरायची असेल तर तिच्या रूपाकडे पाहून नाक मुरडू नका.

आपल्या मिरीतही सगळं एक नाही. 'तेलिचेरी' म्हणून चढ्या दराने मिळते ती वेगळी जात नव्हे. त्याच वेलींचे टपोरे, चाळणीवर 4.25 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे उरलेले दाणे ते. पुलावात, लोणच्यात अख्खी घालायची तर जरूर घ्या. दळायच्या मसाल्यासाठी हा जास्तीचा पैसा वाया जातो. साधी साफ केलेली मलबारी मिरी पुरते.

भेसळीकडे मात्र डोळेझाक नको. 2012च्या अखेरीस कोचीच्या गोदामांत वायदेबाजाराच्या नावे ठेवलेली सहा हजार टनांहून अधिक मिरी खनिज तेलाच्या संशयावरून सील झाली होती. ती भारतीय मिरी होती. चकाकीसाठी आणि बुरशी धरू नये म्हणून असं तेल लावतात. म्हणून 'आपली' आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. मूठभर दाणे पांढऱ्या टिपकागदावर चोळा. तेलकट डाग आणि रॉकेलसारखा वास आला तर परत करा. मग थोडे दाणे पाण्यात टाका: भरीव मिरी तळाशी बसते, पोकळ दाणे आणि पपईच्या बिया वर तरंगतात. पपईची बी लांबट आणि हिरवट तपकिरी असते, मिरीच्या गोल दाण्यात चटकन ओळखू येते. लंकेच्या मिरीचे बरेच दाणे तरंगतील, तो दोष नव्हे. तिथे तरंगणाऱ्याचा आकार बघा. दोन नमुन्यांत ठरत नसेल तर एकच फुलपात्र दोन्हींनी काठोकाठ भरून वजन करा. जड भरेल तो दाणा जास्त भरीव.

माझं मत असं. अख्खी मिरी आणि घरचा मसाला यांसाठी कोडगू किंवा वायनाडची मिरीच घ्या. केरळचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, कोडगूचा त्यानंतर एप्रिलपर्यंत, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये ताजा माल मिळतो. मिरीपूड किंवा गरम मसाला विकणाऱ्याने मलबारीत थोडी लंकेची मिसळून पाहावी. तिखटपणा वाढतो, वासही सांभाळला जातो. व्हिएतनामची मिरी देशी धंद्यासाठी घेण्यात मला सध्या काहीच फायदा दिसत नाही. तिथलं 2024चं पीक दोन लाख टनांच्या खाली आलं, शेतकरी ड्युरियन हे फळ आणि कॉफी यांच्याकडे वळले आहेत आणि स्वस्ताईचा तो काळ ओसरला आहे.

साठा किती करावा? 2015च्या सुमारास किलोला 700 रुपयांपर्यंत गेलेली मिरी 2020 मध्ये 350च्याही खाली होती आणि 2024 मध्ये पुन्हा 600च्या वर. एवढ्या हेलकाव्यात दोन वर्षांचा माल भरण्यात अर्थ नाही. एका हंगामापुरतं घ्या, कडक वाळलेलं बघून घ्या आणि पाकिटावर मूळ देश लिहिलेला आहे का ते तपासून पक्कं बिल मागा.