ग्रुपवर टाकावं की मेलने पाठवावं?

घरच्या ग्रुपवर मी तीनेक वर्षं लिंका टाकत होतो. गेलं दीड वर्ष त्याऐवजी दर रविवारी सकाळी २२ जणांना एक मेल पाठवतो. नेटवर सापडलेलं चांगलं काही आपल्या माणसांपर्यंत पोचवायचं असेल आणि कुठून ते ठरत नसेल, तर माझा अनुभव सांगतो.

वेगात ग्रुपला तोड नाही. नासाच्या ‘ॲस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’ या पानावर जून १९९५ पासून रोज एक चित्र येतं, खाली खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेली थोडक्यात माहिती. तिथला एखादा तेजोमेघ ग्रुपवर टाकला की पाच मिनिटांत भाचीचा प्रश्न येतो, काका उत्तर देतात, गप्पा रंगतात. मेलवर हे होत नाही. मी सगळ्यांचे पत्ते बीसीसीत, म्हणजे एकमेकांना दिसणार नाहीत अशा रकान्यात घालतो, त्यामुळे उत्तरं एकट्या मला येतात. ही उणीव मला अजून खटकते.

तरी मी मेलकडे वळलो ते एकाच त्रासामुळे: ग्रुपवर टाकलेलं पुन्हा हाती लागत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, हवा तो शब्द टाकून शोधता येते. मला ती सापडली तेव्हा मी हरखून गेलो आणि लगेच ग्रुपवर लिंक दिली. त्याच दिवशी आतेभावाचा वाढदिवस होता. केक, फुलं, जोडलेले हात, आणि त्यांच्याखाली लिंक गडप. महिन्याभराने मावशीचा फोन आला, “अरे, आई ‘उतरंड’ म्हणायची बघ, तसले शब्द कुठे बघायला मिळतील?” तिने लिंक पाहिलीच नव्हती. ग्रुपमध्ये शोधायची सोय असते, पण मी सोबत नुसतं “हे बघा” लिहिलेलं. शोधायचं तरी कोणत्या शब्दाने? पंधरा-वीस मिनिटं बोट सरकवत बसलो. इतकी मोलाची गोष्ट आपल्याच घरात हरवावी, याचं फार वाईट वाटलं.

मेलमध्ये नुसती लिंक बरी दिसत नाही, म्हणून आपसूक चार ओळी लिहिल्या जातात: हे काय आहे, मला का आवडलं. मग वर्षाने ‘कोश’ एवढं टाकलं तरी मेल समोर येतो. मूळ पान बंद पडण्याची भीती असतेच, म्हणून मी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत साठवून तीही लिंक खाली देतो.

कोशाची ती लिंकही मावशीला अशीच मेलने पाठवली. उत्तर नऊ दिवसांनी आलं, पण दोन पानांचं. ‘वळचण’ शोधता शोधता तिला माजघर, पडवी, आजीचं सगळं घर आठवलं होतं. ग्रुपवर मला एवढं उत्तर कधी मिळालं नव्हतं.

अर्थात तुमची माणसं कॉलेजातली असतील तर ग्रुपच बरा. माझे भाचे मेल उघडतच नाहीत. शिवाय माझे पहिले काही मेल स्पॅममध्ये गेले, फोन करून ते बाहेर काढायला लावावे लागले. हल्ली आकाशाची चित्रं तेवढी मी ग्रुपवर टाकतो. बाकी सगळं रविवारच्या मेलसाठी राखून ठेवतो, एका वेळी तीनच लिंका.