२ टीबीची डिस्क, क्लाउड आणि दीड वितीची केबल : चौदा महिने वापरल्यानंतर

घेतली त्या आठवड्यात मी या पोर्टेबल हार्ड डिस्कला पाचपैकी पाच दिले होते. मे महिन्यात शून्य दिलं. आज साडेतीन देतोय. मधे काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण लग्नाचं शूटिंग करणारे आपल्यातले बरेच जण असलीच डिस्क वापरतात.

औशात आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. हळद, लग्न, वरात आणि दोन कॅमेरे धरले की एका लग्नाचा डेटा अडीचशे जीबीच्या पुढे जातो. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसवर घेतला तर तासाला ४५ जीबी होतातच. म्हणजे २ टीबीत सहा-सात लग्नं मावतात. साडेपाच हजारांना घेतली तेव्हा वाटलं, एकदाच पैसे गेले, महिन्याचं भाडं नको, नेटची वाट बघणं नको. वेगही चांगला होता. वर्षभर एक तक्रार नाही.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "दादा, डिस्क दिसंना गेलीय बगा." लावली की दिवा लुकलुकायचा, आतून टिक-टिक आवाज यायचा आणि पुन्हा शांत. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी आधीच फॉरमॅट झालेली. त्या डिस्कवर एका लग्नाचं सगळं चित्रण होतं, आणि त्या नवरीची आजी लग्नानंतर वीस दिवसांनी वारली होती. आजीनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, तेवढंच चालतं-बोलतं राहिलेलं. नवरीचे वडील रोज फोन करत होते. मी त्यांना "एडिटिंग चालू आहे" म्हणत होतो आणि रात्री झोप येत नव्हती.

लातूरला एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली. त्यानं केबल न बदलता, कानाला लावून आवाज ऐकला आणि सांगितलं, "हेड गेलंय. बावीस हजार लागतील, गॅरंटी नाही." हेड म्हणजे डिस्कच्या आतला डेटा वाचणारा भाग. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. डिस्क वॉरंटीत आहे, जुनी जमा करा, नवी देतो, डेटाची जबाबदारी आमची नाही. तीन वर्षांची वॉरंटी म्हणजे लोखंडाची वॉरंटी, आतल्या लग्नाची नाही, हे तेव्हा कळलं.

बावीस हजारांची जुळवाजुळव करत असताना पोरानं मोबाइलच्या जुन्या चार्जरची केबल डिस्कला लावली. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात डिस्क सुरू झाली. सगळे फोल्डर जागच्या जागी.

यामागचं कारण समजून घ्या, तुमचे पैसे वाचतील. या डिस्कचं तोंड चपटं, रुंद आणि दोन भागांचं असतं. त्यातला मोठा भाग जुन्या मोबाइलच्या मायक्रो-यूएसबीचाच आहे, बाजूचा छोटा भाग यूएसबी ३ चा वेग देतो. डेटा वाहणारी साधी मोबाइल केबल मोठ्या भागात बसते आणि डिस्क यूएसबी २ च्या वेगानं चालते. सेकंदाला १००-१२० एमबी मिळायचे तिथे ३२ मिळाले. १.४ टीबी उतरवायला रात्रभर, बारा तास गेले. पण उतरलं सगळं. हेड गेलेलंच नव्हतं. केबल सैल झाल्यानं डिस्कला पुरेशी वीज मिळत नव्हती, म्हणून ती फिरायचा प्रयत्न करून टिक-टिक करत होती. नंतर क्रिस्टल डिस्क इन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरवर तपासली, प्रकृती 'गुड' आहे.

म्हणून माझा सगळा राग त्या केबलवर आहे. डब्यात येते ती जेमतेम दीड वीत. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली असेल तर डिस्क ठेवायची कुठे? ती लोंबकळते. सगळं वजन त्या चपट्या तोंडावर येतं. माणूस उठला, पाय लागला, केबल हलली. दिवसातून चार वेळा काढ-घाल होते आणि दरवेळी आतली पातळ पट्टी थोडी झिजते. साडेपाच हजारांच्या वस्तूला शंभर रुपयांची चांगली केबल देता येऊ नये? चौदा महिन्यांत डिस्कमध्ये एक दोष निघाला नाही, पण मला बावीस हजारांच्या दारात नेलं ते या केबलनं. लातुरातून एक मीटरची जाड केबल १८० रुपयांना आणली, तेव्हापासून डिस्क एकदाही सुटली नाही. आता डिस्क टेबलावर रबरी पट्टीवर ठेवतो आणि केबल टेबलाच्या पायाला बांधलेली असते.

या धक्क्यानंतर मी क्लाउडही, म्हणजे इंटरनेटवरची भाड्याची जागा, घेतलं. गुगलची १५ जीबीची फुकट जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, ती केव्हाच भरलेली. २ टीबीचे महिन्याला ६५०, वर्षाचे ६,५०० भरले. म्हणजे दरवर्षी एका डिस्कपेक्षा जास्त पैसे, तेही थांबवले की जागा गेली. मन तयार होत नव्हतं. आमच्या लाइनला चढता (अपलोडचा) वेग १० एमबीपीएस मिळतो. अडीचशे जीबीचं एक लग्न चढवायला पंचावन्न तास लागतात, तेही मधे लाइट गेली नाही आणि रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली नाही तर. पहिल्या महिन्यात दोनदा तुटली. 'क्लाउड आपल्या भागासाठी नाही' असं मी तेव्हा चार जणांना सांगितलं.

ते शब्द मी मागे घेतो. श्रावणात पोराकडून एका अल्बमचं फायनल फोल्डर कॉम्प्युटरवरून उडालं आणि रिसायकल बिनही रिकामं झालं. फोल्डर ड्राइव्हशी जोडलेलं असल्यानं तिथूनही गेलं. पण ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं. पाच मिनिटांत सगळी पानं परत आली. पंधरा दिवसांचं काम होतं ते. मात्र महिन्यानंतर लक्षात आलं असतं तर काहीच उरलं नसतं. इथे काढलं की तिथेही जातं, त्यामुळे जोडलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, हे लक्षात ठेवा.

हे सगळं वडिलांना सांगत होतो तेव्हा ते आमच्याच तालुक्यातल्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. त्यानंतर कित्येक महिने त्या गावांतली माणसं आमच्या स्टुडिओत यायची. घरातले अल्बम ढिगाऱ्यात गेलेले. "आमच्या लग्नाची निगेटिव्ह हाय का?" एवढंच विचारायची. वडिलांकडे वर्षावार लाकडी खोकी होती, खाकी पाकिटांवर पेन्सिलीनं गावाचं नाव. शोधून मिळाली की ते फोटो धुऊन द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. घर तिकडे पडलं आणि निगेटिव्ह औशात होती, म्हणून त्या माणसांकडे चेहरे राहिले.

तेव्हापासून 'डिस्क की क्लाउड' हा प्रश्न मी सोडून दिलाय. दुसरी तशीच डिस्क घेतली. प्रत्येक लग्न दोन्ही डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि दुसरी डिस्क लातूरला बहिणीच्या कपाटात असते. दर रविवारी जाऊन अदलाबदल करतो. क्लाउडवर पूर्ण लग्न चढवत नाही. निवडलेले फोटो, अल्बमची पानं आणि तयार झालेला व्हिडिओ एवढंच, साधारण ३० जीबी, रात्री लावलं की सकाळपर्यंत चढतं. त्यासाठी २ टीबीचा प्लॅन नको, म्हणून मुदत संपल्यावर १०० जीबीचा, वर्षाला १,३०० वाला घेणार आहे. जुनी कामं गिऱ्हाइकाला पोचली की क्लाउडवरून काढून टाकायची.

आजीचा तो व्हिडिओ जूनमध्येच दिला. नवरीच्या वडिलांनी स्टुडिओत बसूनच तो तुकडा तीनदा लावायला सांगितला. तो आता दोन्ही डिस्कवर आहे, क्लाउडवर आहे, आणि त्यांच्या हट्टानं पेन ड्राइव्हवर त्यांच्या देवघरातही आहे.