एआयएफएसचे नकाशे आणि मुंबईचा पाऊस : एक परीक्षण

युरोपियन सेंटर फॉर मीडियम-रेंज वेदर फोरकास्ट्स या केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एआयएफएस ही अंदाजप्रणाली 25 फेब्रुवारी 2025 रोजी नियमित सेवेत आणली. तिचे नकाशे केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात आणि शीवमधील आमच्या सोसायटीच्या कामासाठी मी ते पावसाळ्यात नियमितपणे पाहतो. आमची इमारत सखल भागात आहे. मुसळधार पावसाची चिन्हे असली की मीटर-खोलीच्या दारापुढे वाळूच्या गोण्या रचणे, पाणी उपसायचा पंप आणि डिझेल आणून ठेवणे, रहिवाशांना गाड्या हलवायला सांगणे ही कामे आदल्या दिवशीच उरकावी लागतात. त्यामुळे हे नवे तंत्र विश्वासार्ह आहे का, हा आमच्यासाठी रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे.

पारंपरिक प्रणाली वातावरणाच्या भौतिक नियमांची समीकरणे महासंगणकावर सोडवतात. एआयएफएस तसे करत नाही. गेल्या काळातील हवामानाची ‘ईआरए 5’ नावाची जी पुनर्रचित नोंद आहे, तिच्यातील 1979 पासूनच्या भागावरून आजच्या स्थितीनंतर उद्याची स्थिती कशी येते हे ती शिकलेली आहे. केंद्राच्या म्हणण्यानुसार चक्रीवादळांच्या मार्गासह अनेक बाबतींत तिचा अंदाज 20 टक्क्यांपर्यंत सरस ठरतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे हजार पटींनी कमी आहे. मोठ्या प्रमाणावरील हालचालींबाबत माझा अनुभवही चांगला आहे. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकत असेल, तर कोकणात पावसाचा जोर केव्हा वाढेल याचा सुगावा या नकाशांवरून चार-पाच दिवस आधी लागतो.

मात्र शास्त्रज्ञांनी या तंत्राबाबत घेतलेल्या शंका मुंबईकरांनी नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण त्यांतील सर्वांत गंभीर शंका नेमक्या आपल्याच पावसाला लागू पडतात. 26 जुलै 2005 च्या पावसाची सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंद झाली आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम 74 मिलिमीटर. या दोन केंद्रांमधले अंतर सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर आहे, तर एआयएफएस ज्या चौकटींच्या जाळीवर अंदाज काढते, त्यातली एक चौकट साधारण 28 किलोमीटरची, आणि एका चौकटीला पावसाचा एकच आकडा मिळतो. म्हणजे ज्या दिवसाने या शहराला पुराची धास्ती लावली, तो दिवस प्रशिक्षणाच्या नोंदीत असूनही त्याचे खरे रूप या प्रणालीने कधी पाहिलेलेच नाही. त्यात भर अशी की, ईआरए 5 मधला पाऊस आपल्याकडच्या पर्जन्यमापकांवरून घेतलेला नसून तोही एका भौतिक प्रतिमानाने काढलेला अंदाजच आहे. शिवाय सरासरी चूक कमीत कमी राहावी असे शिकवलेले यंत्र साहजिकच टोकाचे आकडे टाळते. अतिवृष्टी अमुक ठिकाणी होईल असे सांगून ती शेजारी झाली तर दोन्हीकडची चूक पदरात पडते, म्हणून ते पाऊस पातळ करून सगळीकडे पसरवते. नकाशावर अख्ख्या उत्तर कोकणावर एकच रंग दिसतो तो त्यामुळे, आणि त्या रंगावरून आमच्या गल्लीत पाणी तुंबेल की नाही हे ठरवता येत नाही.

पडताळणी करू पाहणाऱ्याला आणखी एक अडचण येते. या प्रणालीचा अंदाज सहा-सहा तासांच्या टप्प्यांत मिळतो आणि हे टप्पे आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे 5.30, सकाळी 11.30 असे पडतात. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी 8.30 वाजता संपतो, म्हणजे बरोबर एका टप्प्याच्या मधोमध. त्यामुळे सांताक्रूझचा अधिकृत आकडा आणि प्रणालीचा आकडा थेट समोरासमोर ठेवता येत नाही. भरतीच्या बाबतीत तर सहा तासांची बेरीज अगदीच अपुरी पडते, कारण समुद्राचे पाणी साडेचार मीटरच्या वर चढलेले असताना त्याच दोन तासांत पाऊस कोसळतो की आधी-नंतर, यावर सखल भागांचे सगळे अवलंबून असते.

या मर्यादा असूनही मी या सेवेला चांगले गुण देतो, आणि त्याचे मुख्य कारण ती लोकांपुढे ज्या रीतीने आणली गेली ते आहे. 2023 मध्ये तिचे नकाशे आधी प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाले. नियमित सेवेत आल्यावरही जुनी भौतिक प्रणाली बंद झाली नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालतात आणि त्यांतला फरक कोणालाही पाहता येतो. मुळात सुरुवातीची स्थितीही जुन्या प्रणालीच्या निरीक्षण-विश्लेषणातूनच घेतली जाते, ही गोष्ट लपवलेली नाही. अंदाज किती बरोबर आले याची गुणपत्रके जाहीर आहेत, प्रतिमान तपासायला खुले आहे, आणि एकाच अंदाजावर विसंबण्याचा धोका ध्यानात घेऊन जुलै 2025 मध्ये अनेक शक्यता एकत्र मांडणारी आवृत्तीही सुरू झाली. माझी तक्रार एवढीच की, उष्ण कटिबंधाचे गुण एकगठ्ठा दिले जातात. 204.5 मिलिमीटरहून अधिक, म्हणजे आपल्या व्याख्येने अत्यंत मुसळधार, पाऊस किती वेळा हुकला हे किनाऱ्यावरच्या निवडक केंद्रांसाठी वेगळे दाखवायला हवे.

याउलट एका खासगी ॲपने मला रोज पावसाची टक्केवारी दाखवली, पण ज्या ज्या दिवशी 70 टक्के म्हटले होते त्यांपैकी किती दिवस पाऊस झाला, या माझ्या लेखी प्रश्नाला उत्तर दिले नाही. ते ॲप मी काढून टाकले.

आपल्याकडे 26 मे 2025 रोजी, मोसमी पाऊस मुंबईत विक्रमी लवकर दाखल झाला त्याच दिवशी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने (आयआयटीएम) विकसित केलेली सहा किलोमीटर जाळीची भारत फोरकास्टिंग सिस्टीम राष्ट्राला अर्पण करण्यात आली. ती भौतिक समीकरणांवर चालते आणि बारकाव्याच्या दृष्टीने आपल्याला अधिक उपयोगी आहे. तिच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्तेचे देशी अंदाज येतील तेव्हा वेधशाळेने युरोपीय केंद्राप्रमाणेच ते काही पावसाळे जुन्यासोबत चालवावेत, आणि सांताक्रूझ व कुलाबा या दोन केंद्रांचे हुकलेले इशारे आणि खोटे ठरलेले इशारे दर महिन्याला मराठीतून प्रसिद्ध करावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर आमच्या सोसायटीत ठरलेली पद्धत अशी : तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंतचा कल एआयएफएसवर पाहून डिझेल आणि माणसे यांची तजवीज करायची, शेवटच्या दोन दिवसांत मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा रंगानुसार इशारा प्रमाण मानायचा, आणि पाऊस सुरू झाला की कुलाबा व वेरावली येथील रडारची चित्रे आणि महापालिकेचे भरतीचे वेळापत्रक समोर ठेवून गोण्या कधी रचायच्या ते ठरवायचे.