पाळणाघर की बालसंगोपन रजा?

प्रसूतीची 180 दिवसांची रजा संपली की कोल्हापूर जिल्हा परिषदेतल्या बाईपुढं हाच पेच असतो.

बालसंगोपन रजाही 180 दिवसांचीच, पण अख्ख्या सेवेत मिळून, तीही पगारी. पहिल्या दोन अपत्यांसाठी, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. अर्जित रजेला, म्हणजे नोकरीत साठत गेलेल्या पगारी रजेला, हात लागत नाही. मात्र हा हक्क नव्हे. मार्चअखेरीला अर्ज टाकला तर साहेब हमखास अडवणार. अर्ज आधीच द्या, पोचप्रत घ्या आणि नंतर सेवापुस्तकातली नोंद स्वतः तपासा. नोंद राहिली की शिल्लक दिवसांवरून वाद होतो.

पाळणाघर रोजचं. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्यानं सोय द्यावी लागते, आईला दिवसातून 4 वेळा भेटता येतं. कचेरी पावणेदहाला भरते, म्हणून दार साडेनऊला तरी उघडायला हवं. सहा महिन्यांच्या बाळासाठी आधी विचारा: काढलेलं दूध ठेवायला फ्रिज आहे का, सांभाळणारी सुट्टीवर गेली तर बदली कोण? तापातलं मूल तिथं घेत नाहीत आणि घेऊही नये. त्या दिवशी रजाच लागते.

नागाळा पार्कात मुख्यालयाला असाल, घरी सांभाळणारं कुणी नसेल, तर पाळणाघर धरा. रजा आजारपणाला आणि पुढं दहावीला राखा. चंदगड-गगनबावड्याकडच्या ग्रामपंचायतीत एकटीच असाल, तर तिथं पाळणाघर कुठलं? रजाच, तीही पावसाळ्यात, तुकड्यातुकड्यानं.